देवमाशाची कातडी, वाघाची विष्ठा

विदर्भाला समुद्र नाही. देवमासा इथं शाळेच्या पुस्तकातच भेटतो. तरीही पेंच-टिपेश्वरच्या जंगलांकडून वाघाची विष्ठा डबीत भरून प्रयोगशाळेत जाते, तेव्हा तिला विचारायचा प्रश्न देवमाशांच्या बाबतीत आधीच गाजलेला असतो: हे सगळे एकाच गोतावळ्यातले, की वेगवेगळ्या?

देवमाशांच्या शिकारीचे नियम ठरवायला १९४६ मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला. दक्षिणेकडच्या समुद्राचे नकाशावर रेघा मारून सहा भाग पाडले होते आणि तीच देवमाशांची 'घरं' मानली जात. (पाण्यात बांध घालण्यातलाच प्रकार.) व्यापारी शिकारीवरची बंदी १९८६ पासून लागू झाली. त्याच सुमारास शास्त्रज्ञ छोटा बाण मारून जिवंत देवमाशाच्या कातडीचा तुकडा मिळवू लागले. पेशीतल्या डीएनएचा (आनुवंशिक माहितीच्या धाग्याचा) मायटोकाँड्रियल नावाचा भाग फक्त आईकडून येतो. हंपबॅक या जातीच्या देवमाशाचं पिल्लू आईच्या मागोमाग चरायची जागा शिकतं, म्हणून वेगवेगळ्या चराऊ समुद्रांतल्या हंपबॅकांची आईकडची वंशावळही वेगळी निघाली.

खरी गंमत पुढं आहे. स्कॉट बेकर आणि स्टीफन पालुंबी या शास्त्रज्ञांनी जपानच्या बाजारात देवमाशाचं मांस विकत घेतलं. ते देशाबाहेर न्यायला कायद्याची आडकाठी होती. मग त्यांनी हॉटेलच्या खोलीतच यंत्र मांडलं, डीएनएच्या प्रती काढल्या आणि त्या नेल्या. संशोधनाच्या नावाखाली जपान तेव्हा मिंक जातीचे देवमासे मारत होता. पण १९९४ मध्ये छापलेल्या निष्कर्षांत त्या मांसात फिन आणि हंपबॅक या जातीही सापडल्या.

अरबी समुद्रातले हंपबॅक तर दक्षिणेतल्या भाऊबंदांपासून सुमारे ७०,००० वर्षं तुटलेले आहेत, हे २०१४ च्या अभ्यासातून कळलं. ओमानच्या किनाऱ्यावर ते शंभराच्या आतच असावेत. जगभरच्या हजारो हंपबॅकांच्या बेरजेत धरले असते, तर ते संपल्याचंही कुणाला कळलं नसतं.

आमच्याकडं उलट झालं. समुद्रात एक वाटलेले अनेक निघाले; इथं चार वाटलेले एकमेकांत गुंतलेले निघाले. कान्हा, पेंच, सातपुडा आणि मेळघाट इथल्या २७३ वाघांचा डीएनए तपासून २०१३ मध्ये अभ्यास आला. हे वाघ सुमारे हजार वर्षांपूर्वी विभागले जाऊ लागले, सुमारे दोनशे वर्षांपूर्वी जंगलाचे तुकडे झाले तसा वेग वाढला. तरी सोयरीक तुटली नव्हती, आणि जंगलाचे पट्टे शाबूत होते तिथं ती सर्वांत घट्ट होती. कॉरिडॉर (दोन जंगलांना जोडणारा पट्टा) हा शब्द वन खात्याच्या कागदावर आधीपासून होता. आता त्यामागं रक्ताचा पुरावा आला.

त्या पट्ट्यांतून हमरस्ते जातात, भांडण तिथंच आहे. मनसर-खवासा रस्त्याच्या चौपदरीकरणाचा वाद कोर्टात गेला. शेवटी पेंचलगत जनावरांसाठी नऊ ठिकाणी रस्त्याखालून वाटा ठेवल्या. २०१९ मध्ये तिथल्या कॅमेऱ्यांत ११ वेगवेगळे वाघ दिसले.

त्याच वर्षी टिपेश्वरचा एक रेडिओ कॉलर लावलेला तरुण वाघ कपाशीच्या वावरांतून, तेलंगणात शिरून, १,३०० किलोमीटर चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तिथं वाघीण नव्हती. डीएनएच्या हिशेबात नुसतं चालणं धरत नाहीत. पिल्लं झाली तरच.