निवाऱ्यातल्या कुत्र्याला करमाफी : जर्मनीतली जुनी गोष्ट

बर्लिनमध्ये कुत्रा पाळायचा तर दरवर्षी कर भरावा लागतो. पहिल्या कुत्र्याला 120 युरो, पुढच्या प्रत्येकाला 180. पण कुत्रा शहरातल्या प्राणी-निवाऱ्यातून आणला असेल, तर पाच वर्षांपर्यंत कर माफ. जर्मनीतल्या इतर अनेक गावांतही अशी सूट आहे. मुदत मात्र गावागणिक बदलते.

मुळात हा कर कुत्र्यांच्या भल्यासाठी आलेला नव्हता. नेपोलियनकडून हार खाल्लेल्या प्रशियाच्या, म्हणजे तेव्हाच्या एका मोठ्या जर्मन राज्याच्या, तिजोरीत खडखडाट होता. 1810 मध्ये तिथे चैनीवर कर बसला. नोकरचाकर, घोडे, बग्ग्या यांच्या जोडीला कुत्राही त्यात आला. 1829 मध्ये गावांना स्वतःचा कुत्रा-कर लावायची मुभा मिळाली. आजही तो स्थानिक करच आहे. 2023 मध्ये त्यातून देशभरात सुमारे 42 कोटी युरो जमा झाले, आणि ते कुत्र्यांवरच खर्चावेत असं बंधन नाही.

मग माफी कशासाठी? बेवारस सापडलेल्या जनावराची सोय पाहणं ही तिथे गावाची जबाबदारी. गावं ती बहुधा प्राणिमित्र संस्थांच्या निवाऱ्यांकडे सोपवतात. प्राणी म्हणजे वस्तू नव्हे, असं 1990 मध्ये जर्मन नागरी कायद्यात आलं आणि 2002 मध्ये प्राणिरक्षण राज्यघटनेत गेलं. कुत्र्याला घर मिळालं की निवाऱ्यात जागा होते, खाण्याचा आणि औषधपाण्याचा खर्च वाचतो. मला एका वर्षाच्या माफीपेक्षा पाच वर्षांची माफी फार मोलाची वाटते. निवाऱ्यात सर्वांत जास्त दिवस पडून राहतात ती म्हातारी, आजारी कुत्री. त्यांच्यासाठी पाच वर्षं म्हणजे बहुधा उरलेलं सगळं आयुष्य.

अमेरिकेत वाट वेगळी होती. 2009 मध्ये मिशिगनचे खासदार थॅडियस मॅकॉटर यांनी पाळीव प्राण्यांच्या खर्चापोटी करपात्र उत्पन्नातून 3,500 डॉलरपर्यंत वजावट द्यावी असं विधेयक मांडलं. ते समितीच्या पुढे गेलं नाही. 2011 मध्ये मात्र तिथल्या कर न्यायालयाने, संस्थेसाठी घरी मांजरं सांभाळणाऱ्या एका महिलेचा बराचसा खर्च धर्मादाय देणगी म्हणून मान्य केला.

आपल्याकडे आयकराच्या जुन्या करप्रणालीत, देणगीवरच्या करसवलतीची मान्यता असलेल्या प्राणिसंस्थेला देणगी दिली तर वजावट मिळते. त्याच संस्थेतून कुत्रा घरी आणणाऱ्याला लस, नसबंदी, औषधांच्या बिलावर काहीच मिळत नाही.