सब्लिमेशन की डीटीएफ? पथकाच्या टी-शर्टची ऑर्डर देण्याआधी

जळगावला फुले मार्केटच्या आसपास किंवा धुळ्यात छपाईवाल्याकडे उभं राहिलं, तर सब्लिमेशन आणि डीटीएफ (डायरेक्ट-टू-फिल्म) ही छपाईची दोन्ही कामं एकसारखीच दिसतात. छापलेला कागद किंवा फिल्म कापडावर ठेवायची, गरम प्रेस दाबायचा, वरचं सोलून काढायचं. म्हणून चीअरलीडिंगचं पथक ‘प्रिंट मारून द्या भो’ एवढंच सांगून येतं, आणि चार धुण्यांनंतर भांडण होतं.

सब्लिमेशनमध्ये रंगाची वाफ होते आणि ती पॉलिस्टरच्या धाग्यात शिरते. साधारण 190 ते 200 अंश, 45 ते 60 सेकंद. त्यावरून बोट फिरवलं तर हाताला काही लागत नाही, आणि तडा जायला वर काही थरच नसतो. पण सुती कापडावर हा रंग धरत नाही, धुतला की उतरतो. शिवाय यात पांढरी शाई नसते, त्यामुळे कापड पांढरं किंवा अगदी फिकट लागतं.

डीटीएफमध्ये चित्र फिल्मवर छापतात, त्यामागे पांढरी शाई, त्यावर गोंदाची पावडर. 150-160 अंशांवर 10 ते 15 सेकंद दाबलं की ती कापडाला चिकटते. काळा, सुती, मिक्स, काहीही चालतं. पण ही कापडावर बसलेली पातळ कातडीच असते. नखानं कड खरवडून बघा, जाडी लगेच कळते. कड उचलली जात असेल तर बहुतेक वेळा प्रेस कमी तापलेला असतो, किंवा फिल्म काढल्यावर दुसऱ्यांदा दाबलेलं नसतं.

आता पथकाचा विचार करा. वर उचलल्या जाणाऱ्या मुलीला खालचे दोघं कमरेला धरतात. तिथे डीटीएफचा मोठा पट्टा असेल तर घामानं तो निसरडा होतो, म्हणून कमरेचा भाग कोराच ठेवा. लायक्राचं ताणणारं कापड असेल तर डीटीएफला तडे जाऊ शकतात. सब्लिमेशनला तडे जात नाहीत, पण जास्त ताणलं की खालचा पांढरा धागा डोकावतो. आणि आपल्याकडचा मे महिना! पारा 44-45 वर असताना छातीभर चौकोनी डीटीएफ म्हणजे अंगावर प्लास्टिक बांधून नाचणं. हौस असेलच तर चित्रामागचा रंगीत चौकोन काढून टाका, नुसती अक्षरं आणि रेषा ठेवा, मधल्या कापडातून वारा जातो.

सगळ्यात जास्त फसवणारा प्रकार म्हणजे दोन्ही एकत्र करणं. लाल किंवा मरून सब्लिमेशन जर्सीवर पांढरी नावं डीटीएफनं मारतात. देताना झकास दिसतात, काही दिवसांत गुलाबी होतात. प्रेसच्या उष्णतेनं पॉलिस्टरमधला लाल रंग परत सुटतो आणि पांढऱ्या थरात चढतो. त्यापेक्षा नावं मूळ डिझाइनमध्येच घाला. अक्षरांच्या जागी रंग भरलाच नाही की कोरं कापडच पांढरं अक्षर बनतं. पण त्यासाठी पुढचा, मागचा आणि बाह्यांचा भाग छापून मग शिवावा लागतो. म्हणजे नावं आणि मापं आधी पक्की हवीत, ऐनवेळी एक मुलगी वाढली तर तिच्यासाठी वेगळं काम निघतं.

माप घेताना दोन्ही हात वर करायला लावा. हात वर गेल्यावर पोट उघडं पडत असेल तर लांबी 5-6 सेंटिमीटर वाढवा. कापड घेताना ‘कॉटनच आहे’ यावर विसंबू नका. आतल्या शिवणीजवळच्या कापडाचा एक धागा काढून जाळा, शिलाईचा दोरा नव्हे: पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो, सुताची राख होते आणि जळक्या कागदाचा वास येतो.

पाठीवर अहिराणी ओळ घालणार असाल तर एक काम छपाईआधीच करा. कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे नुसत्या आकारांत, बदलून मगच फाइल पाठवा. समोरच्या संगणकावर तो फॉन्ट नसला की रफार उडतो, जोडाक्षर फुटतं, ‘खान्देश’चं ‘खान् देश’ होऊन पंचवीस पाठींवर छापलं जातं.