लिनक्सवर स्कॅनर ड्रायव्हर तपासण्याची रीत कुठून आली

लिनक्सवर स्कॅनर दाद देईना की पहिल्यांदा दोन आज्ञा द्यायच्या: 'सेन-फाइंड-स्कॅनर', आणि मग 'स्कॅनइमेज'ला कॅपिटल एल जोडून. पहिली फक्त केबलवर स्कॅनरसारखं काही आहे का ते बघते. त्याला ओळखणारा ड्रायव्हर आहे का, हे दुसरी सांगते. पहिलीला सापडला, दुसरीला नाही, पण रूट, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता, म्हणून चालवल्यावर सापडला, तर ड्रायव्हर निर्दोष आहे आणि उपकरणं सांभाळणाऱ्या यूडेव्हचा परवानगीचा नियम चुकला आहे. रूटलाही दिसला नाही, तर बहुधा त्या मॉडेलसाठी ड्रायव्हरच नाही.

तपासणीचे असे टप्पे पडतात ते सेनच्या, म्हणजे लिनक्सवर स्कॅनर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, मूळ रचनेमुळे. १९९२च्या ट्वेन या स्कॅनर-मानकात ड्रायव्हर आणि त्याची खिडकी एकाच गाठोड्यात बांधलेली होती. १९९६मध्ये डेव्हिड मॉसबर्गर-टँग आणि अँडी बेक यांनी सेन सुरू केलं, ते ही गाठ सोडवून. हार्डवेअरशी बोलतो तो बॅकएंड, माणसाशी बोलतो तो फ्रंटएंड. त्यामुळे सेनडी ही सेवा पोर्ट ६५६६वरून दुसऱ्या मशीनचा स्कॅनर वापरू देते. यूएसबी स्कॅनरसाठी पूर्वी कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, वेगळं मॉड्यूल होतं आणि अनोळखी मॉडेलचे व्हेंडर व प्रॉडक्ट क्रमांक त्याला हाताने द्यावे लागत. २००४च्या सुमारास ते कर्नलच्या २.६ मालिकेतून गेलं आणि सगळं काम लिबयूएसबी या लायब्ररीकडे आलं.

याच विभागणीमुळे स्कॅनर नसतानाही तपासणी करता येते. 'टेस्ट' नावाचा बॅकएंड खोटा स्कॅनर उभा करतो: काळा, पांढरा, जाळी, रंगपट्टे अशी चित्रं देतो, सांगाल तर वाचन मुद्दाम संथ करतो, आणि कागद अडकल्याची चूकही परत करतो. फ्रंटएंड अशा वेळी नीट थांबतो की लटकतो, ते लगेच कळतं.

खऱ्या बॅकएंडसाठी स्कॅनइमेजला कॅपिटल टी द्यायचा. एक अख्खी ओळ वाचायची, मग एक बाइट, मग २, ४, ८ असं वाढत जायचं आणि पुन्हा उलट उतरायचं. प्रत्येक पायरीपुढे 'पास' दिसायला हवं. बफरची बारीक चूक इथे पकडली जाते, पण चित्र कसं आलं हे ही चाचणी पाहत नाही. ते डोळ्यांनीच बघावं लागतं. उभ्या रेघा दिसल्या तर शेडिंग कॅलिब्रेशनवर, म्हणजे सेन्सरचा उजेड सारखा करण्याच्या जुळवणीवर, संशय घ्यायचा. अक्षरांना लाल-निळी किनार आली तर सेन्सरच्या तीन रंग-ओळींमधलं अंतर ड्रायव्हरमध्ये चुकलेलं असतं.

जेनेसिससारख्या बॅकएंडमध्ये हात घालायचा तर धोका मोटरचा. ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनी बरंच ज्ञान मूळ सॉफ्टवेअरची यूएसबी वाहतूक टिपून मिळवलेलं आहे, आणि मोटरच्या पावलांचा एखादा आकडा चुकला तर स्कॅनरचं सरकतं डोकं टोकाला आदळून करकरत राहतं. अशा वेळी प्रोग्रॅम बंद करत बसू नये, थेट वायर काढावी. डीबग, म्हणजे बारीक नोंदींची, पातळी २५५ ठेवून नोंद फाइलमध्ये घेतलेली असेल, तर शेवटची आज्ञा कोणती गेली ते तिथे सापडतं.

२०२०च्या १.०.२९ आवृत्तीत नेटवर्क-स्कॅनरशी थेट बोलणारा ईएससीएल बॅकएंड आला, सोबत त्याच कामाचा स्वतंत्र सेन-एअरस्कॅनही आहे. त्यामुळे नेटवर्कवरच्या बऱ्याच नव्या मशीनना वेगळा ड्रायव्हर लागत नाही. पण तोच स्कॅनर आता यादीत दोन-तीन नावांनी दिसतो. म्हणून तपासताना छोट्या डी स्विचने बॅकएंडसकट स्कॅनरचं पूर्ण नाव द्या, नाहीतर दुरुस्ती एकात करून चाचणी भलत्याचीच होते.