चैत्र शुद्ध प्रतिपदा आणि १ चैत्र

२०२६ मध्ये गुढीपाडवा १९ मार्चला येतो आणि पंचांगानुसार त्या दिवशी शके १९४८ सुरू होते. परंतु भारत सरकारच्या राष्ट्रीय दिनदर्शिकेत तोच दिवस २८ फाल्गुन १९४७ असतो आणि तिचा १ चैत्र १९४८ उजाडतो २२ मार्चला. शक एकच, महिन्याचे नावही तेच, तरी वर्षारंभ निराळे, त्यामुळे यांपैकी एक गणना चुकली असावी असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात दोन्ही आपापल्या नियमांप्रमाणे बरोबर आहेत.

पंचांगातला महिना चंद्रावर चालतो. बारा चांद्रमासांचे मिळून सुमारे ३५४ दिवस होतात, म्हणजे सौर वर्षापेक्षा जवळजवळ ११ कमी. म्हणूनच २०२५ चा ३० मार्चचा पाडवा पुढच्या वर्षी १९ मार्चवर आला. हे असेच चालू राहिले असते, तर पाडवा मागे सरकत थंडीत आणि पुढे पावसाळ्यातही गेला असता. अधिक मास ही तूट भरून काढतो. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्यामुळे २०२७ चा पाडवा थेट ७ एप्रिलला येतो.

राष्ट्रीय दिनदर्शिका मात्र चंद्राकडे पाहतच नाही. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने वसंतसंपाताला, म्हणजे मार्चमध्ये दिवस-रात्र समान होतात त्या दिवसाला, धरून तिची रचना केली आणि २२ मार्च १९५७ म्हणजेच १ चैत्र १८७९ पासून ती अमलात आली. तिचे वर्ष दरवर्षी २२ मार्चला आणि लीप वर्षी २१ मार्चला सुरू होते. तिच्यात शुद्ध-वद्य पक्ष नाहीत, अधिक मास नाही; त्यामुळे एकादशी किंवा चतुर्थी तिच्यावरून काढता येत नाही. भारताच्या राजपत्रावर शक म्हणून छापली जाते ती हीच तारीख. माझ्या मते खरा घोटाळा महिन्यांची जुनी नावे तशीच ठेवल्याने झाला.

२०२३ मध्ये दोन्ही वर्षारंभ २२ मार्चलाच आले आणि चैत्रही दोन्हींत २० एप्रिललाच संपला. फाटा फुटला तो वैशाखात: पंचांगाचा वैशाख १९ मे रोजी अमावास्येला संपला, तर राष्ट्रीय दिनदर्शिकेतला वैशाख ३१ दिवसांचा असल्यामुळे २१ मेपर्यंत चालला.