म्हातारीचं आधार कार्ड

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडच्या एका घरी आजी भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट सांगत होती. म्हातारीला रानात अस्वल भेटलं. (तिकडं भीमगडच्या रानालगत अस्वलाचीच धास्ती जास्त.) ‘जाडजूड होईन, मग मला खा’ इथवर आल्यावर नातीनं अडवलं, “बायकांना बस फुकट आहे न्हवं? मग म्हातारी रानातनं चालत कशाला गेली?”

“आधार कार्ड घरात इसरली गे!” म्हणून आजी पुढं निघालीसुद्धा. कर्नाटकात २०२३ पासून बायकांना सरकारी बसचा प्रवास मोफत आहे, पण ओळखपत्र दाखवावं लागतं. नातीला खुलासा पटला.

आजच्या कादंबऱ्या, सिनेमे, वेबमालिका परीकथांचं हेच करतात. सावत्र आईची बाजू मांडतात, राजकन्येला नोकरीला लावतात, आणि शेवट पाठ असूनही आपण बघत बसतो.

केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी उत्तर अमेरिकेतल्या मूलनिवासींची एक लोककथा इंग्रज वाचकांना देऊन ती पुन्हापुन्हा आठवून लिहायला लावली. १९३२ च्या पुस्तकात त्यांनी निकाल मांडले: डोंग्याची साधी होडी झाली, सीलच्या शिकारीची मासेमारी झाली, न उमगलेले तपशील गळाले. आठवताना मेंदू गोष्ट दरवेळी नव्यानं जुळवतो, आणि त्यासाठी ओळखीचं सामान वापरतो. आजीनं तेच केलं, फक्त जाणूनबुजून.

मग टिकतं काय? मानसशास्त्रज्ञ आरा नोरेनझायन आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ग्रिम बंधूंच्या गाजलेल्या आणि विस्मरणात गेलेल्या कथा ताडून पाहिल्या. गाजलेल्या कथांत अघटित बाबी बहुधा दोन-तीनच होत्या, बाकी सगळं रोजचं. आपल्याकडंही भोपळा टुणुक टुणुक पळतो आणि जनावरं बोलतात, एवढंच. म्हातारी मात्र लेकीकडं तूप-रोटी खाऊन चारचौघींसारखीच जाड होते. पानोपानी चमत्कार पेरणारी नवी रूपं मला म्हणूनच कंटाळवाणी वाटतात.

शेवट आधी कळल्यानं मजा जाते, हेही सरसकट खरं नाही. जोनाथन लेविट आणि निकोलस क्रिस्टनफेल्ड या मानसशास्त्रज्ञांच्या २०११ च्या प्रयोगात शेवट आधीच सांगितलेल्या लघुकथा वाचकांना सरासरीनं जास्त आवडल्या. पुढच्या काही अभ्यासांत उलटही आढळलं, तेव्हा वाद मिटलेला नाही. परीकथेपुरतं मला ते पटतं. म्हातारी वाचणार हे ठाऊक असतं, म्हणून तर नातीला बसच्या तिकिटाचं सुचतं.

सीमाभागात या गोष्टी भाषाही ओलांडतात. कवी आणि लोककथांचे अभ्यासक ए. के. रामानुजन १९५० च्या दशकात बेळगावच्या लिंगराज कॉलेजात शिकवत. त्यांनी जमवलेल्या कन्नड कथांतली ‘हंची’ ही सिंड्रेलाची सख्खी बहीण शोभेल. सोनेरी केसांच्या या मुलीचं रूप राखेत नाही, मातीच्या मुखवट्याआड दडतं. उद्या कुणी तिला मराठीत आणून बेळगावातल्या शहापूरच्या विणकराघरी नांदवली, हातात मोबाईल दिला, तरी हरकत नाही. मुखवटा तेवढा काढून चालणार नाही.