वारं काढणारं नाणं

व्हिएतनाममध्ये कुणी डोकं जड झाल्याची, अंग मोडून आल्याची तक्रार केली की घरातल्या वडीलधाऱ्यांच्या मनात पहिली शंका येते ती वाऱ्याची. या दुखण्याला तिथे 'त्रुंग झो' म्हणतात, म्हणजे वारं लागणं. त्यावरचा उपाय म्हणजे 'काव झो', वारं खरवडून काढणं. मानेला, खांद्यांना आणि पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना हिरवं मेंथॉलचं तेल चोळतात आणि नाण्याच्या किंवा चमच्याच्या कडेने त्याच रेषेवर पुन्हा पुन्हा ओढतात. थोड्या वेळात कातडीवर लालभडक पट्टे उमटतात. पट्टा जितका काळपट, तितकं वारं जास्त शिरलं होतं, अशी समजूत आहे.

याचाच दुसरा एक प्रकार मला फार विलक्षण वाटतो. उकडलेल्या अंड्यातला पिवळा बलक काढून टाकतात, पांढऱ्या भागात चांदीचं नाणं ठेवतात, सगळं रुमालात गुंडाळतात आणि गरम असतानाच कपाळ, मान, पाठ त्याने शेकतात. नंतर पुरचुंडी सोडली की चांदी काळीनिळी झालेली दिसते. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर वारं बाहेर पडलेलं असतं!

पण हा रंग अंड्याचा असतो. अंड्याच्या पांढऱ्यातल्या प्रथिनांमध्ये गंधक असतं. अंडं उकडलं की त्यातून थोडा हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो आणि चांदीशी त्याचा संयोग होऊन काळं सिल्व्हर सल्फाइड तयार होतं. हे घरी पडताळून पाहता येतं. लक्ष्मीपूजनाचं चांदीचं नाणं गरम अंड्याच्या पांढऱ्यात दाबून ठेवा आणि कुणाच्याही अंगाला न लावता थोडा वेळ थांबा. नाणं तरीही काळवंडेल. घाबरू नका, अ‍ॅल्युमिनियमची फॉइल अंथरलेल्या भांड्यात गरम पाणी आणि खायचा सोडा घालून त्यात ते नाणं फॉइलला टेकवून ठेवलं की पुन्हा उजळतं.

पट्ट्यांचंही तसंच. दाबाने कातडीखालच्या केशवाहिन्या फुटतात आणि रक्त आजूबाजूला झिरपतं, तेच लाल दिसतं. रंग किती गडद होणार हे मुख्यतः हाताच्या जोरावर आणि केशवाहिन्या किती नाजूक आहेत यावर ठरतं. १९७५ नंतर व्हिएतनामी निर्वासित अमेरिकेत गेले, तेव्हा मुलांच्या पाठीवरचे हे पट्टे पाहून तिथल्या डॉक्टरांना मारहाणीचा संशय यायचा. १९८० मध्ये तिथल्या एका प्रमुख वैद्यकीय नियतकालिकाला ही प्रथा समजावून सांगणारा लेख छापावा लागला.

मग बरं वाटतं ते खोटं का? मुळीच नाही. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. डोकं दुखतं ते मेंदूवरची आवरणं, रक्तवाहिन्या आणि डोक्या-मानेचे स्नायू यांच्यामुळे. ताणाने होणाऱ्या डोकेदुखीत मानेचे स्नायू आवळलेले असतात आणि नेमके तेच इथे चोळले जातात. २००७ च्या एका लहान प्रयोगात ११ निरोगी माणसांवर असं खरवडल्यावर त्या जागी कातडीतला रक्तप्रवाह सुरुवातीच्या साडेसात मिनिटांत चौपट झालेला आढळला. शिवाय घासण्याच्या संवेदनेमुळे मज्जारज्जूत वेदनेचे संदेश काहीसे अडवले जातात. आपटलेलं ढोपर आपण नकळत चोळतो, ते यामुळेच. त्यातच आईचा किंवा आजीचा हात पाठीवर फिरत असतो, हेही मी कमी मानत नाही.

तेलातल्या मेंथॉलचं काम तर चांगलं समजलेलं आहे. कातडीतल्या चेतातंतूंवर थंडी ओळखणारं एक प्रथिन असतं. मेंथॉल त्यालाच चिकटतं, म्हणून तापमान न बदलताही गार वाटतं. २००२ मध्ये डेव्हिड ज्युलियस आणि अर्डेम पाटापुटियन यांनी हे प्रथिन स्वतंत्रपणे शोधलं. तापमान आणि स्पर्श यांच्या ग्राहींवरच्या कामासाठी या दोघांना २०२१ चं नोबेल मिळालं. १९९६ मध्ये जर्मनीत ४१ रुग्णांवर झालेल्या चाचणीत ताणाच्या डोकेदुखीसाठी कपाळाला १० टक्के पेपरमिंट तेल लावल्यावर १००० मिलीग्रॅम पॅरासिटामॉलइतकाच उतार पडला. मात्र दोन वर्षांखालच्या बाळांच्या नाकातोंडाजवळ मेंथॉल किंवा कापूर असलेलं तेल लावू नये, त्यांचा श्वास अडखळू शकतो.

वाफाऱ्याच्या हंड्यात तर मराठी माणसाला ओळखीचे चेहरे भेटतात. तिथली 'सा' म्हणजे आपला गवती चहा. 'हुओंग न्यू'च्या जांभळ्या जातीला आपण तुळस म्हणतो. सोबत पपनसाची आणि बांबूची पानं असतात. पांघरुणाखाली बसून घाम येईपर्यंत वाफ घ्यायची. चोंदलेल्या नाकाने कपाळ ठणकत असेल तर मोकळं वाटतं, पण घामाने गेलेलं पाणी नंतर भरून काढायला हवं, नाहीतर त्यानेच डोकं धरतं.

म्हणूनच पाठोपाठ येणारी 'चाओ' मला शहाणपणाची वाटते. ही तांदळाची पातळ पेज. तिच्यात कांद्याची पात आणि 'तिया तो' नावाची जांभळी पानं चिरून घालतात, कधी वर अंडं फोडतात. पाणी, मीठ आणि पोटाला आधार एकाच वाडग्यात मिळतो. उपाशी राहून किंवा पाणी कमी पडून दुखणाऱ्या डोक्याला तेच हवं असतं. उत्तरेत 'ङाय क्यू' घातलेलं ऑम्लेट देतात. ही वनस्पती आपल्या दवण्याच्याच कुळातली, चवीला कडसर. डोकेदुखीवर तिचा उपयोग होतो याला भक्कम पुरावा नाही आणि गरोदरपणी ती टाळलेली बरी. आल्याच्या चहाचं पारडं जरा जड आहे. इराणमधल्या २०१४ च्या चाचणीत अर्धशिशीच्या १०० रुग्णांपैकी काहींना २५० मिलीग्रॅम आल्याची पूड आणि बाकीच्यांना सुमाट्रिप्टान हे नेहमीचं औषध दिलं. दोन तासांनी दोन्ही गटांना सारखाच आराम पडला होता. पण अर्धशिशी येऊच नये म्हणून रोज आलं घेण्याचा प्रयोग ब्राझीलमध्ये झाला, तेव्हा ते खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही.

मला काळजी वाटते ती उपायाची नाही, 'वारं' या शब्दाची. तो फार ऐसपैस आहे. डेंग्यूच्या तापातही डोकं, विशेषतः डोळ्यांमागे, भयंकर दुखतं आणि रक्तातल्या प्लेटलेट उतरतात. अशा अंगावर नाणं ओढलं तर रक्तस्राव वाढू शकतो. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांनाही हाच धोका आहे.

त्याहून वाईट म्हणजे पक्षाघातालाही तिथे कित्येक जण 'त्रुंग झो'च म्हणतात. हे आपल्याला परकं नाही. आपणही त्याला अर्धांगवायू म्हणतो, 'अंगावरून वारं गेलं' म्हणतो. खरं तर बहुतेक वेळा मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकलेली असते आणि मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरत असतात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांत द्यावं लागतं. हा वेळ पाठ खरवडण्यात गेल्याच्या कहाण्या व्हिएतनामी डॉक्टर पुन्हा पुन्हा सांगतात. म्हणून तेलाची बाटली हातात घेण्याआधी दुखणेकऱ्याला हसायला सांगावं, दोन्ही हात वर करायला सांगावं, एक वाक्य बोलायला लावावं. ओठ एका बाजूला ओघळला, हात खाली आला, शब्द अडखळला, किंवा डोकं क्षणार्धात कधी नव्हे इतकं फुटायला लागलं, तर नाणं बाजूला ठेवून फोन लावावा. व्हिएतनाममध्ये रुग्णवाहिकेसाठी ११५, महाराष्ट्रात १०८.