वनस्पतियुक्त सामुदायिक मत्स्यालयाची पुनर्रचना

गोड्या पाण्याच्या ज्या मत्स्यालयात परस्परांना त्रास न देणाऱ्या अनेक जातींचे मासे जिवंत पाणवनस्पतींसह एकत्र ठेवलेले असतात, त्याची तळमाती, दगड-लाकडांची मांडणी, वनस्पती आणि मासे यांत ठरवून केलेला मोठा बदल म्हणजे पुनर्रचना होय. काच पुसणे किंवा दर आठवड्याला थोडे पाणी बदलणे ही देखभाल झाली. पुनर्रचनेत टाकी बहुतांश रिकामी करावी लागते आणि तिचा जैविक समतोल काही काळ मोडतो. त्यामुळे हे काम सजावटीचे दिसले, तरी त्यातला खरा प्रश्न टाकीतले जीवाणू न मरू देता बाकी सर्व काही हलवण्याचा असतो. सोलापूरसारख्या उष्ण, कोरड्या आणि नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात त्याला पाणी आणि ऋतू यांची जोड मिळते. आवडलेल्या छायाचित्रावरून मांडणी ठरवण्याची पद्धत येथे फारशी उपयोगी पडत नाही. घरात येणारे पाणी आधी तपासावे आणि मग मांडणी ठरवावी, हाच क्रम योग्य होय.

मासे आणि वनस्पती एकमेकांना टिकवतात ही कल्पना लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये मांडली. त्यांनी सोनमासे, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती आणि गोगलगाई एकाच पात्रात ठेवून तो समतोल दाखवला होता. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय सुरू झाले. महाराष्ट्रात मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये उघडले. वनस्पतींनाच मुख्य स्थान देणारी, निसर्गदृश्यासारखी मांडणी जपानचे ताकाशी अमानो (१९५४–२०१५) यांनी लोकप्रिय केली, आणि आज पुनर्रचना करणाऱ्या बहुतेकांच्या मनात तेच चित्र असते. ते चित्र मऊ, म्हणजे कमी क्षारांच्या, आणि थंड पाण्यावर आणि सतत छाटणीवर उभे आहे, हे मात्र पुष्कळदा लक्षात घेतले जात नाही.

माशांच्या विष्ठेतून, कल्ल्यांतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. गाळणीच्या स्पंजावर, खडीवर आणि दगडांवर वाढलेले जीवाणू त्याचे आधी नायट्राइटमध्ये आणि नंतर तुलनेने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. वनस्पती अमोनियाचा मोठा भाग थेट शोषतात आणि नायट्रेटही वापरतात. पुनर्रचनेत वनस्पती उपटल्या, खडी बदलली आणि गाळणी नळाखाली स्वच्छ धुतली, तर हे तिन्ही आधार एकाच दिवशी नाहीसे होतात. नवी टाकी सुंदर दिसत असताना तिसऱ्या-चौथ्या दिवशी मासे मरू लागतात, त्याचे कारण बहुधा हेच असते. पाण्याचा सामू, म्हणजेच पीएच, येथे निर्णायक ठरतो. २५ अंश सेल्सिअस तापमानाला सामू ७ असेल, तर एकूण अमोनियापैकी सुमारे ०.६ टक्के अमोनिया विषारी स्वरूपात असतो. सामू ८ असेल, तर हे प्रमाण ५ टक्क्यांवर जाते आणि तापमानाबरोबर आणखी वाढते. जड, म्हणजे चुन्यासारखे क्षार जास्त असलेल्या, पाण्याचा सामू बहुधा चढा असतो, म्हणून मऊ पाण्याच्या गावात खपून जाणारी चूक जड पाण्यात माशांच्या जिवावर बेतते.

सोलापूर शहराला भीमा नदीवरील उजनी धरणातून, टाकळी येथील योजनेतून आणि हिप्परगा येथील एकरुख तलावातून पाणी मिळते. हे पाणी मुळात जड असते आणि बोअरचे पाणी बहुधा त्याहूनही जड असते. नळाच्या पाण्यात निर्जंतुकीकरणासाठी घातलेले क्लोरीन मासे आणि जीवाणू दोघांनाही मारते. पाणी रोज येत नसल्याने येथील घरांत ते हौदात, पिंपात किंवा गच्चीवरच्या टाकीत साठवण्याची रीत आहे, आणि उघड्या पिंपात एक-दोन दिवस राहिलेल्या पाण्यातील क्लोरीन आपोआप उडून जाते. एरवीची ही गैरसोय मत्स्यपालकाच्या पथ्यावर पडते. ज्या दिवशी पाणी येते त्याच दिवशी उत्साहाने टाकी भरणे मात्र टाळावे, किंवा दुकानात अँटिक्लोरीन म्हणून मिळणारे सोडियम थायोसल्फेट वापरावे.

घरगुती आरओ यंत्रातून बाहेर सोडले जाणारे पाणी वाया जाऊ नये म्हणून ते टाकीत भरण्याची कल्पना पाणीटंचाईच्या गावात साहजिकच सुचते, परंतु त्या पाण्यात मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात. आरओचे शुद्ध पाणी मात्र अतिशय उपयोगी आहे, विशेषतः बाष्पीभवनाने झालेली घट भरून काढण्यासाठी. बाष्पीभवनात केवळ पाणी उडते. क्षार मागे राहतात. १२० लिटरच्या टाकीतून रोज ३ लिटर पाणी उडत असेल आणि ते नळाच्या पाण्याने भरले जात असेल, तर ३० दिवसांत ९० लिटर पाण्यातले क्षार जादा साठतात, म्हणजे क्षारांचे प्रमाण साधारण पाऊणपट वाढते. काचेच्या वरच्या कडेला जमणारा पांढरा थर हा त्याचाच पुरावा होय.

एप्रिल-मे महिन्यांत शहराचे कमाल तापमान ४० अंशांच्या वर जाते आणि स्लॅबखालच्या वरच्या मजल्यावरील खोल्या रात्रीही तापलेल्या असतात. अशा खोलीतील टाकीचे पाणी ३२-३३ अंशांपर्यंत सहज पोचते. समुद्रसपाटीला २५ अंशांच्या पाण्यात प्रतिलिटर सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर ३३ अंशांना सुमारे ७.२ मिलिग्रॅम, शिवाय उष्ण पाण्यात माशांची प्राणवायूची गरज वाढते. दाट वनस्पती रात्री स्वतःही प्राणवायू वापरत असल्याने पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात. पाण्याच्या पृष्ठभागावर वारा सोडणारा लहान पंखा हा यावरचा स्वस्त उपाय आहे आणि सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात तो दमट कोकणापेक्षा कितीतरी चांगला चालतो, कारण वाळ्याच्या कूलरप्रमाणे त्याचीही सारी मदार बाष्पीभवनावर असते. त्यामुळे पाणी काही अंशांनी उतरते, पण वर सांगितलेला क्षारांचा हिशेब तितकाच कडक होतो. नव्या मांडणीसाठी जागा निवडतानाच पश्चिमेची खिडकी आणि वरचा मजला टाळणे हे पंख्यापेक्षाही महत्त्वाचे आहे. ९० × ३० × ४५ सेंटिमीटर मापाच्या टाकीत काठोकाठ सुमारे १२० लिटर पाणी मावते, आणि काच, खडी व दगड धरून तिचे वजन दीडशे किलोच्या पुढे जाते. नंतर ती हलवणे शक्य नसते.

दगडांच्या बाबतीत स्थानिक परिस्थिती काहीशी फसवी आहे. या भागात घरोघरी दिसणारी शहाबादी फरशी चुनखडकाची असते. तिचे सपाट, सुबक तुकडे कुठल्याही बांधकामाजवळ मिळतात आणि पायऱ्या किंवा गुहा रचण्यासाठी वापरण्याचा मोह होतो, परंतु मुळात जड असलेल्या पाण्यात ती आणखी चुना सोडत राहते. काळा बेसाल्ट सामान्यतः निर्धोक असतो, मात्र दख्खनच्या बेसाल्टमधील पोकळ्यांत कॅल्साइट हे चुन्याचे खनिज असू शकते. दगडावर व्हिनेगरचे थेंब टाकून ते फसफसतात का, म्हणजेच त्यात चुना आहे का, हे पाहण्याची चाचणी प्रत्येक दगडाला आणि नदीच्या वाळूलाही लावावी. शेतातली काळी माती तळाला घालू नये. ती पाण्यात फुगते, जरा ढवळली की दिवसेंदिवस गढूळ राहते आणि तिच्यात चुनखडीचे खडे असतात. सामू उतरवणारी तयार विकतची माती सुंदर परिणाम देते, तथापि जड पाण्यात तिची ती क्षमता लवकर संपते आणि पहिले काही आठवडे ती स्वतःच अमोनिया सोडू शकते. सोलापुरात धुतलेली निष्क्रिय वाळू आणि मुळांशी खताच्या गोळ्या ही जोडी अधिक भरवशाची ठरते.

वनस्पतींची निवडही पाण्याला धरूनच करावी लागते. व्हॅलिस्नेरिया, हायड्रिला आणि सेरॅटोफायलम या वनस्पती जड पाण्यातील बायकार्बोनेटमधून कार्बन घेऊ शकतात, म्हणून त्यांना वेगळा कार्बन डायऑक्साइड सोडावा लागत नाही. वॉरिंग्टन यांच्या पात्रातील वनस्पती आजही या शहरासाठी पहिली शिफारस ठरावी, यात नवल नाही. ॲन्युबियास आणि जावा फर्न लाकडाला किंवा दगडाला दोऱ्याने बांधतात; त्यांचे मूलक्षोड, म्हणजे आडवे वाढणारे खोड, वाळूत पुरल्यास ते कुजते. क्रिप्टोकोरीनची जागा बदलली की तिची पाने विरघळल्यासारखी गळून पडतात. अशा वेळी ती मेली असे समजून उपटू नये, कारण मुळे शाबूत असतील तर काही आठवड्यांत नवी पाने फुटतात. रोपवाटिकेत पाण्याबाहेर वाढवलेली रोपेही जुनी पाने टाकून पाण्यातली पाने धरतात. तलावातून वनस्पती आणल्यास जळवा, चतुराच्या अळ्या आणि गोगलगाईंची अंडी सोबत येतात. त्या तुरटीच्या पाण्यात बुडवून, धुऊन आणि काही दिवस वेगळ्या बादलीत ठेवून मगच टाकीत लावाव्यात.

माशांमध्ये गप्पी, मॉली आणि प्लॅटी जड पाण्यात खुलतात. झेब्रा डॅनिओ हा भारतीय मासाही काटक आहे. निऑन टेट्रा आणि बहुतेक कोरिडोरास यांना येथील उन्हाळा सोसत नाही. एंजल मासा उष्णता सहन करतो, पण वाढल्यावर लहान टेट्रांना खातो. पुनर्रचनेत सर्वांत आधी दुसरी सोय करावी लागते ती काच साफ करणारा म्हणून विकल्या गेलेल्या सकर माशाची, कारण तो एक फुटाहून मोठा होतो आणि नाजूक रोपे उखडतो. सोनमासे वनस्पती खातात, हे सर्वश्रुत आहे. पश्चिम घाटातील नद्यांत आढळणारा पट्टेदार बोटिया स्ट्रायटा आकर्षक असला, तरी तो संकटग्रस्त असल्याने निसर्गातून पकडलेले नग घेऊ नयेत.

कामासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा असतो. पाणी येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, पिंपे भरलेली असताना सुरुवात करावी. तळ ढवळण्यापूर्वी टाकीतले वरचे स्वच्छ पाणी नळीने मोठ्या टबात काढून घेतात, जमेल तितके, निम्म्याहून अधिक. नंतर वनस्पती काढून ओल्या कापडात गुंडाळतात, पाणी एक तृतीयांशावर आणून मासे पकडतात आणि टब जाळीने झाकतात, कारण घाबरलेले मासे उडी मारतात. गाळणी त्याच टबात चालू ठेवणे हा या कामाचा कणा आहे: तिचा स्पंज फार तर टाकीच्याच पाण्यात पिळावा, सुकू देऊ नये आणि बंद ठेवू नये. वीज जाण्याची शक्यता असल्यास बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ असावा. जुन्या खडीचा खालचा थर ढवळताना कुजक्या अंड्यासारखा वास आला, तर तेथे हायड्रोजन सल्फाइड साठलेला असतो, म्हणून मासे टाकीत असताना खडी उपसणे धोक्याचे असते. जुनी मूठ-दोन मूठ खडी जाळीच्या पिशवीत बांधून नव्या टाकीत ठेवल्यास जीवाणूंना विरजण मिळते.

मांडणी करताना मोठा दगड किंवा लाकूड काचेवर थेट टेकेल असे ठेवून मगच वाळू पसरावी. वाळूवर ठेवलेला दगड माशांनी किंवा गोगलगाईंनी खाली उकरल्यावर कलंडतो. मागे उंच आणि पुढे ठेंगण्या वनस्पती, आणि मधोमध काही टेकवण्याऐवजी एका बाजूला भर, एवढा सौंदर्याचा नियम पुरेसा आहे. पाणी बशीवर किंवा प्लॅस्टिकच्या तुकड्यावर हळूहळू सोडतात, म्हणजे वाळू उखडत नाही. जुने आणि साठवलेले पाणी मिसळून, दोन्हींचे तापमान जुळल्यावरच मासे परत सोडावेत.

पहिले काही आठवडे खाद्य निम्म्यावर आणावे, दिवे सहा तासांपुरतेच लावावेत आणि अमोनिया व नायट्राइट चाचणीद्रवाने तपासत राहावे. त्यांपैकी काही आढळल्यास पाव भाग पाणी बदलणे हाच उपाय आहे, औषधे नव्हेत. काचेवर तपकिरी थर येतो, तो आपोआप ओसरतो. हिरवे शेवाळ वाढले, तर खतापेक्षा प्रकाशावर आधी संशय घ्यावा. नवे मासे आणण्याची घाई येथेच सर्वाधिक नडते.

काढून टाकलेले मासे व वनस्पती सिद्धेश्वर किंवा कंबर तलावात सोडणे गैर आहे. उजनीत चिलापी हा परका मासा किती बळावला, हे तेथील मासेमार जाणतात, आणि तलाव झाकणारी जलपर्णीही शोभेची वनस्पती म्हणूनच दक्षिण अमेरिकेतून जगभर पसरली. मासे दुकानदाराला किंवा दुसऱ्या मत्स्यपालकाला द्यावेत. वनस्पती उन्हात पूर्ण वाळवून खतात घालाव्यात. टाकीतून काढलेले पाणी नायट्रेटयुक्त असल्याने कुंड्यांना उत्तम चालते, मात्र त्यात मीठ किंवा माशांचे औषध घातलेले असेल, तर ते झाडांना घालू नये.